चंचल मुलें, विडी आणि कायदा

लासलगांवचें नांव उच्चारलें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम कांदा उभा राहातो. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील निफाड तालुक्यांतलें हें गांव. १९४७ सालीं येथें बाजार समिती स्थापन झाली, आणि आज दूरदूरचे व्यापारी सकाळीं उठून लासलगांवांत काय भाव निघाला हें आधीं विचारतात. परंतु श्रोतेहो, आज मला आपल्याशीं भावाविषयीं बोलावयाचें नाहीं. अशा मोठ्या बाजारपेठेच्या आसपास, गाड्यांच्या आणि गोण्यांच्या मधून वावरणारीं जीं मुलें असतात, त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे. शाळेच्या पटावर त्यांचें नांव असतें, पण शाळेंत त्यांचा पाय ठरत नाहीं. चहाच्या टपरीशीं, एस. टी. च्या स्थानकावर, लिलाव आटोपल्यावर रिकाम्या झालेल्या ओट्यांवर तीं दिसतात, आणि पुष्कळदां त्यांच्या बोटांत विडी असते. लासलगांव हें केवळ उदाहरण होय. अशीं मुलें मालेगांवांत आहेत, मनमाडांत आहेत, आणि आपण ज्या नाक्यावरून रोज जातां तेथेंहि आहेत. त्यांना आपण उनाड म्हणतों, वांड म्हणतों. आणि त्यांतला एखादा पोलिसांच्या हातीं लागला म्हणजे 'हें व्हावयाचेंच होतें' असें म्हणून मोकळे होतों.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून आपण एक मुलगा कल्पूं. हा कोणा खऱ्या मुलाचा वृत्तान्त नव्हे. त्याचें वय पंधरा. बाप बाजारांत हमाल, आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याची प्रतवारी करावयास जाते. अगदीं तिसरीपासून मास्तरांची एकच तक्रार : बुद्धि आहे, पण बूड स्थिर नाहीं. गणित सुरू करतो आणि दोन पायऱ्यांवर सोडून देतो. प्रश्न पुरा होण्याआधींच उत्तर देऊन टाकतो. दप्तर, चपला, वही, जें हातीं द्यावें तें हरवून येतो. बाराव्या वर्षीं कोणा मोठ्या मुलानें त्याला विडी दिली. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली. पुढें एके सकाळीं ट्रॅक्टरच्या बैठकीवर पडलेला मोबाईल त्यानें उचलला, आणि शेजारच्याच टपरीवर त्या मोबाईलवर गाणीं ऐकत बसला. पाव तासाच्या आंत तो सांपडला. मुरलेला चोर असा सांपडत नाहीं. पुढें काय होईल याचा विचारच ज्याच्या मनाला शिवला नाहीं, तोच असा सांपडतो.

या मुलाविषयीं गांवांत दोन मतें निघतील. एक म्हणेल, विडीनें बिघडला. दुसरें म्हणेल, घरचें वळणच नाहीं. दोन्ही मतांत कांहीं तथ्य असूं शकेल. पण एक तिसरी शक्यता असते, आणि ती सहसा कोणी तपासून पाहात नाहीं. ती अशी कीं, या मुलाला लहानपणापासून अवधानाचा विकार असावा. डॉक्टर याला ए. डी. एच. डी. म्हणतात. मराठींत आपण त्याला अवधानन्यूनता आणि अतिचंचलता म्हणूं. चित्त एका ठिकाणीं न टिकणें, शरीर स्वस्थ न बसणें, आणि मनांत आलेली गोष्ट तत्क्षणीं करून टाकणें, हीं त्याचीं तीन मुख्य लक्षणें.

हा विकार कांहीं नव्या जमान्याचें खूळ नव्हे. १९०२ सालीं लंडनमध्यें डॉ. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानें तेथील वैद्यांच्या राजमान्य महाविद्यालयापुढें तीन व्याख्यानें दिलीं. ज्यांची बुद्धि शाबूत आहे, पण ज्यांना आपल्या ऊर्मीला आवर घालतां येत नाहीं, अशा मुलांचें वर्णन त्यानें त्यांत केलें. योगायोग असा कीं, त्याच १९०२ सालीं इंग्लंडच्या केंट परगण्यांतील बोर्स्टल या खेड्यांत तरुण कैद्यांना प्रौढ गुन्हेगारांपासून वेगळें ठेवून सुधारण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढें १९०८ च्या तेथील मुलांच्या कायद्यानें सोळा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास बंदी केली, आणि रस्त्यांत धूम्रपान करणाऱ्या मुलाच्या हातांतली सिगारेट काढून घेण्याचा अधिकार पोलिसांस दिला. म्हणजे चंचल चित्त, तरुण कैदी आणि तंबाखू या तिन्ही प्रश्नांकडे एकाच देशांत, सहा वर्षांच्या आंत लक्ष गेलें होतें. पण वैद्य, तुरुंगाधिकारी आणि कायदेपंडित हे तिघे आपापल्या वाटेनें गेले. आपल्याकडेहि तसेंच झालें. मुंबईस १९२४ सालीं मुलांचा कायदा झाला, १९२७ मध्यें चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली, १९२९ मध्यें बोर्स्टल शाळांचा कायदा झाला. मुलाला तुरुंगांत घालूं नये हें तत्त्व आपण स्वीकारलें. परंतु निरीक्षणगृहांत आलेल्या मुलाचें चित्त कां ठरत नाहीं, हा प्रश्न मात्र शिस्तीच्या सदरांतच राहिला.

आतां थोडे आंकडे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शाळकरी वयाच्या शंभर मुलांपैकीं सुमारें पांचांना हा विकार असतो. आणि जीं अल्पवयीन मुलें गुन्ह्याच्या कारणानें बंदिस्त संस्थांत आहेत, त्यांच्यांत हें प्रमाण, निरनिराळ्या देशांतील पाहण्यांवरून, शेंकडा पंचवीस ते तीसच्या आसपास भरतें. या आंकड्यांचा उलटा अर्थ मात्र कोणी करूं नये. या विकाराचीं बहुसंख्य मुलें आयुष्यांत कधींहि गुन्हा करीत नाहींत, आणि पकडलेल्या मुलांपैकीं बहुतेकांना हा विकार नसतो. आंकडे सांगतात तें इतकेंच कीं, बंदिस्त मुलांच्या दर चौघांत एक मूल असें असावें, कीं ज्याला शिक्षेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, वैद्याची गरज आहे.

हें आळसाचें सोंग नव्हे काय, असें पुष्कळांना वाटतें. 'सिनेमाला बरें तीन तास बसतां येतें!' असें आईबाप रागानें म्हणतात. त्यांचें निरीक्षण खरें आहे, अनुमान तेवढें चुकीचें आहे. ज्या गोष्टींत क्षणोक्षणीं कांहीं नवें घडतें, तेथें या मुलांचें चित्त आपोआप गुंततें. जेथें फळ उशीरा मिळावयाचें असतें, जसें पाढे पाठ करणें किंवा रांगेंत उभें राहाणें, तेथें चित्ताला बांधून ठेवणारी शक्ति मेंदूंत अपुरी पडते. घोडा सशक्त आहे, पण लगाम सैल आहे, असें म्हटलें तर चालेल. शिवाय हा विकार बऱ्याच अंशीं आनुवंशिक असतो. अशा मुलाच्या बापालाहि लहानपणीं मास्तरांनीं अशीच विशेषणें लावलेलीं असण्याचा पुष्कळ संभव असतो.

आतां विडीकडे वळूं. तंबाखूंतील निकोटीन हें द्रव्य धुराच्या वाटेनें दहावीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. तेथें डोपामीन नांवाचें रसायन तें मोकळें करतें. आणि अवधान व उत्साह यांच्याशीं ज्या रसायनांचा निकट संबंध आहे, त्यांत हें एक मुख्य होय. ज्याचें चित्त सदैव उधळलेलें असतें, त्याला दोन झुरक्यांत क्षणभर तें ताळ्यावर आल्यासारखें वाटतें. त्याला हें शास्त्र ठाऊक नसतें. एवढेंच ठाऊक असतें कीं, विडी ओढली म्हणजे बरें वाटतें. म्हणूनच अशीं मुलें इतरांपेक्षां लहान वयांत धूम्रपान सुरू करतात, लवकर त्याच्या आहारीं जातात, आणि त्यांना तें सोडणेंहि अधिक कठीण जातें, असें अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आलें आहे. पण हें औषध उसनवारीचें आहे. अंमल उतरला कीं अस्वस्थता, चिडचिड आणि चित्ताची पांगापांग पूर्वीपेक्षां वाढते. मग पुन्हां विडी, आणि विडीसाठीं पुन्हां पैसे. घरीं मागून मिळत नाहींत तेव्हां ते कोठून येतात, हें मी सांगावयास नको.

आपल्या प्रांतांत केवळ धुराकडे पाहून भागणार नाहीं, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू-पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा सुमारें चारच माणसें धूम्रपान करतात. पण बिनधुराचा तंबाखू वापरणारे शेंकडा चोवीसच्या वर आहेत. चुना लावून मळलेला बार, मिसरी, मावा, आणि २०१२ पासून बंदी असूनहि चोरून विकला जाणारा गुटखा, या सर्वांत निकोटीन आहेच. मुलाच्या हातांत विडी दिसली नाहीं म्हणजे तो निर्व्यसनी असें समजूं नये; त्याचा गाल पाहावा. आणि विडी ही सिगारेटपेक्षां सौम्य, हा समजहि सोडून द्यावा. विडीच्या धुरांत निकोटीन कमी नसतें, उलट अधिकच आढळलें आहे. विड्या वळण्याचा धंदा आपल्या नाशिक जिल्ह्यांतच, सिन्नरास, पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तेव्हां ही वस्तु परकी नाहीं. ती घरच्या सुपांतून बाहेर पडलेली आहे, आणि म्हणूनच तिचें भय आपल्याला वाटत नाहीं.

आतां मी मुख्य मुद्द्याकडे येतों. आपला कल्पिलेला मुलगा पकडला गेला. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार त्याला पोलिसांच्या कोठडींत ठेवतां येत नाहीं. चोवीस तासांच्या आंत त्याला बाल न्याय मंडळापुढें आणावें लागतें. मंडळानें त्याला जामिनावर घरीं सोडलें तर उत्तमच. परंतु कांहीं कारणानें सोडलें नाहीं तर त्याची रवानगी निरीक्षणगृहांत होते. नाशिकास उंटवाडी भागांत असें निरीक्षणगृह आहे. इकडे परिविक्षा अधिकारी, ज्याला आपण बोलण्यांत प्रोबेशन ऑफिसर म्हणतों, त्यानें मुलाच्या घरची, शाळेची व संगतीची चौकशी करून दोन आठवड्यांच्या आंत मंडळाला अहवाल द्यावयाचा असतो. त्या अहवालावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. मुलगा सुधारण्याजोगा आहे, कीं हाताबाहेर गेला आहे? घरीं धाडावा, कीं संस्थेंत ठेवावा?

आतां हें दोन आठवडे कोणते, याचा विचार करा. संस्थेच्या दारांत पाऊल टाकतांच मुलाची विडी आणि पुडी सुटते, आणि सुटलीच पाहिजे. परंतु तंबाखू एकाएकीं बंद झाला म्हणजे एका दिवसाच्या आंत शरीर तक्रार करूं लागतें. चिडचिड, झोप न लागणें, जागेवर न बसवणें, कशांतहि लक्ष न लागणें, उगाच भांडण उकरून काढणें, हीं लक्षणें पहिल्या आठवड्यांत कळसास पोंचतात आणि पूर्ण ओसरावयास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे ज्या पंधरवड्यांत मुलाचा स्वभाव कागदावर उतरावयाचा, तोच पंधरवडा त्याच्या स्वभावाचा सर्वांत खोटा पंधरवडा असतो. आधींच चंचल असलेला मुलगा या दिवसांत दुप्पट चंचल दिसतो. आणि मुळांत स्थिर असलेला मुलगाहि चंचल दिसूं लागतो. पहिल्यावर 'बेशिस्त' असा शिक्का बसावयाचा, आणि दुसऱ्याला नसलेला विकार चिकटवला जावयाचा, असा दुहेरी धोका येथें आहे. दोष कोणा अधिकाऱ्याच्या हेतूंत नाहीं. पण वादळांत होडीचा तोल मोजावयास बसलें तर माप चुकणारच.

यावर उपाय अवघड नाहीं. पहिला उपाय म्हणजे दारांतच एक प्रश्न विचारणें : तंबाखू घेतोस काय, कोणता, किती, आणि कधींपासून? हा प्रश्न शिक्षेसाठीं नसून उपचारासाठीं आहे, हें मुलाला कळलें पाहिजे. नाहीं तर तो खोटें बोलेल. उत्तर होय असेल तर अहवालांत तशी नोंद व्हावी, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि त्या दिवसांतील वर्तन शेवटचें प्रमाण मानूं नये.

दुसरा उपाय असा कीं, अवधानाचा विकार संस्थेंतल्या आजच्या वर्तनावरून ठरवूं नये. मुलाच्या बाळपणावरून ठरवावा. वैद्यकाचा नियमच असा आहे कीं, या विकाराचीं लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असलीं पाहिजेत, आणि तीं एकाच ठिकाणीं नव्हे, तर शाळेंत आणि घरीं अशीं दोन ठिकाणीं तरी दिसलीं पाहिजेत. याची साक्ष कोण देणार? आई आणि पहिली-दुसरीचे मास्तर. लासलगांवच्या एखाद्या शाळेंतल्या गुरुजींचे दोन शब्द येथें मोठ्या तज्ज्ञाच्या तासाभराच्या तपासणीइतके मोलाचे ठरतील. त्याबरोबरच मुलाला नीट ऐकूं येतें काय, फळ्यावरचें दिसतें काय, पोटभर जेवण आणि पुरेशी झोप मिळते काय, डोक्याला कधीं मार लागला होता काय, घरीं मारहाण होते काय, हेंहि विचारलें पाहिजे. कारण यांपैकीं कोणत्याहि कारणानें मूल बेचैन आणि बेलक्ष दिसूं शकतें. सरसकट सर्व उनाड मुलांना हा विकार लावून देणें हें सरसकट सर्वांना वाईट चालीचे ठरविण्याइतकेंच आळशीपणाचें आहे.

विकार ठरला तर पुढें काय? उपचार आहेत, आणि ते जुने आहेत. १९३७ सालीं अमेरिकेंत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनीं अशा मुलांना एक उत्तेजक औषध दिलें. आणि आश्चर्य हें कीं, उत्तेजकानें मुलें अधिक न उधळतां अभ्यासाला बसूं लागलीं. आज त्याच जातीचीं सुधारलेलीं औषधें आपल्या देशांतहि तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं दिलीं जातात. स्वीडनमध्यें हा विकार असलेल्या पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींची २००६ ते २००९ पर्यंतची माहिती तपासण्यांत आली. एकाच व्यक्तीच्या औषध चालू असलेल्या काळाची तिच्याच औषध बंद असलेल्या काळाशीं तुलना केली असतां, औषधाच्या काळांत पुरुषांच्या हातून होणारे गुन्हे शेंकडा ३२ नीं आणि स्त्रियांच्या हातून होणारे शेंकडा ४१ नीं कमी आढळले. परंतु गोळी हें सर्वस्व नव्हे. काम लहान लहान तुकड्यांत देणें, शाबासकी लगेच देणें, पहिल्या बांकावर बसविणें, हातांना धंदा शिकविणें, आणि आईबापांना रागावण्याऐवजीं वळण लावण्याची रीत समजावणें, हेंहि तितकेंच लागतें. आणि विडी सोडविणें हें या सर्वांचें अंग आहे. कारण चित्ताला दुसरा आधार दिल्यावांचून काढून घेतलेली विडी फार दिवस दूर राहात नाहीं.

यावर कोणी म्हणेल, हें गुन्ह्यावर रोगाचें पांघरूण घालणें झालें. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर दिलें पाहिजे. ज्याचा मोबाईल गेला त्या शेतकऱ्याचें नुकसान विकाराच्या नांवानें भरून येत नाहीं. मुलानें चूक कबूल करावी, भरपाई करावी, मंडळाचा हुकूम पाळावा. परंतु लंगड्या माणसाकडून दंड वसूल करतांना त्याला धांवत येण्याची अट आपण घालीत नाहीं. ज्या मुलाला तारीख लक्षांत राहात नाहीं, त्याला केवळ तारीख चुकल्याबद्दल पुन्हां धरून आणणें हा न्याय नव्हे. आठवण देणारें माणूस नेमणें हा न्याय होय, आणि त्यानें गांवचेंहि अधिक रक्षण होतें.

विकार मुलाचा असेल, पण विडी त्याच्या हातीं कोणा प्रौढ माणसाकडूनच आलेली असते. २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणें आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तो विकणें हा गुन्हा ठरविला आहे. २०१५ च्या अधिनियमाचें ७७ वें कलम तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतें. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें सुटी विडी-सिगारेट विकण्यासहि मनाई केली. कारण मुलाच्या खिशांत अख्ख्या बंडलाचे पैसे नसतात, एका विडीचे असतात. हे कायदे कडक आहेत. तरीहि 'जा रे, कोपऱ्यावरून माझ्यासाठीं दोन विड्या घेऊन ये' असें सांगून पोराला पिटाळणारी वडील माणसें आपल्या परिचयाचीं नाहींत काय? पुष्कळ मुलांची पहिली ओळख अशाच निरोपांतून होते.

शेवटीं, हें सर्व मी आपल्यासारख्या सुशिक्षित घरांना कां सांगत आहें? आपल्या घरीं असें चंचल मूल जन्मलें तर आपण त्याला तज्ज्ञाकडे नेतों, शिकवणी ठेवतों, शाळेच्या बाईंना भेटून येतों. आणि त्यानें शेजाऱ्याची वस्तु उचलली तर ती मुकाट्यानें परत करून प्रकरण मिटवतों. हमालाच्या घरीं तेंच मूल जन्मलें तर त्याला प्रथम छडी, मग विडी आणि मग चौकी मिळते. विकार एकच, पण वाटा दोन. कायद्यानें 'बालगुन्हेगार' हा शब्द टाकून 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असा शब्द घेतला आहे. शब्द जड आहे खरा, पण त्यामागील हेतु सरळ आहे : मुलाच्या कपाळीं जन्माचा डाग लागूं नये.

तेव्हां आपल्यापैकीं जे शिक्षक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, बाल न्याय मंडळावर सामाजिक सदस्य म्हणून बसतात, किंवा ज्यांच्या घरीं अशा मुलाची आई कामाला येते, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. असें मूल दृष्टीस पडलें तर त्याच्या आईला दोन प्रश्न विचारा : हा लहानपणापासून असाच आहे काय? आणि तंबाखू केव्हांपासून घेतो? उत्तरें ऐकून तिला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची वाट दाखवा. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस ही मनःस्वास्थ्याची सल्लासेवा विनामूल्य मिळते, तो क्रमांक तिला लिहून द्या. मुलगा चौकीवर जाण्यापूर्वीं ही विचारपूस झाली तर उत्तम. पण तो निरीक्षणगृहांत पोंचल्यावर झाली तरी उशीर झाला असें समजूं नका. पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाबतींत पुष्कळ कांहीं अजून व्हावयाचें असतें.